गस्त, पहारा, पेट्रोलिंग : रात्री 'कोण आहे?' विचारणाऱ्यांची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरहून मी तुमच्याशी बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. हा तरुण एका सोसायटीत सिक्युरिटी गार्ड आहे. त्याला रोज रात्री एक फॉर्म भरावा लागतो, आणि त्या फॉर्मवर वर लिहिलंय 'पेट्रोलिंग रिपोर्ट'. त्याचा प्रश्न असा, की दादा, या शब्दाचा पेट्रोलशी काय संबंध? आणि आपल्याकडे याला शब्द नव्हता का?

प्रश्न वाचून मी हसलो, आणि मग जरा गप्पच झालो. कारण हाच प्रश्न मी साधारण सहा-सात वर्षांचा असताना माझ्या वडिलांना विचारला होता. आमचे अण्णा चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन होते. संध्याकाळी डबा भरून निघायचे, आणि सकाळी आले की आई विचारायची, "झोप झाली का थोडी?" अण्णा म्हणायचे, "कशाची झोप? रातभर पेट्रोलिंग होती." आमच्याकडे तर सायकल होती. मग अण्णा रात्रभर पेट्रोल कुणाच्या गाडीत भरतात, हे मला कळायचं नाही. शेवटी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "अरे, पेट्रोलिंग म्हणजे फिरायचं. बॅटरी घेऊन फिरायचं अन् बघायचं कोण आहे ते."

माझ्या मते आजवर ऐकलेली या शब्दाची ही सगळ्यात चांगली व्याख्या आहे. फिरायचं, आणि कोण आहे ते बघायचं. आजचा सगळा भाग या दोन गोष्टींवर आहे, कारण इतिहासात पहिली गोष्ट सोपी निघाली आणि दुसरी फार अवघड.

आधी शब्दाचं बघू. आपण देवनागरीत दोन्ही शब्द 'पेट्रोल' असेच लिहितो, म्हणून घोटाळा होतो. इंग्रजीत गाडीत भरतात त्या पेट्रोलचा जोर 'पे'वर असतो. गस्तीचा जो शब्द आहे त्याचा उच्चार 'पट्रोल'च्या जवळ जातो आणि जोर 'ट्रो'वर येतो. मुळंही वेगळी. गाडीतलं पेट्रोल लॅटिनमधून आलं : पेट्रा म्हणजे दगड, ओलियम म्हणजे तेल, दगडातलं तेल. आणि गस्तीचं पट्रोल आलं फ्रेंचमधून. तिथल्या ज्या क्रियापदातून ते निघालं त्याचा अर्थ आहे चिखलातून पाय टाकत चालणं, चिखल तुडवणं. फ्रेंचमध्ये 'पात' म्हणजे जनावराचा पंजा, त्याच्याशी हे नातं आहे. छावणीतले सैनिक रात्री चिखलातून फेऱ्या मारायचे, त्यांच्या त्या पचपच चालण्याचं हे नाव. सतराव्या शतकात ते इंग्रजीत आलं आणि सैन्याचा भारदस्त शब्द होऊन बसलं.

वापराचंही सांगतो, कारण श्रोत्याने तेही विचारलंय. इंग्रजीत हा शब्द नाम आहे आणि क्रियापदही आहे. फेरीवर असलेला माणूस 'ऑन पट्रोल' असतो, आणि फेरी मारणाऱ्या तुकडीलाही पट्रोलच म्हणतात. स्पेलिंगमध्ये शेवटी एकच 'एल' येतो, पण 'इंग' लावलं की 'एल' दोन होतात. तुझ्या फॉर्मवर एकच छापला असेल तर चूक फॉर्मची आहे, तुझी नाही.

आणि जवळचे शब्द वेगळे ओळखायचे. एका जागी उभा राहतो तो सेंट्री. आपण त्याचा 'संत्री' करून टाकला, इतका की तो परका वाटतच नाही. ठरवून दिलेला भाग म्हणजे बीट. आपल्या पोलिस ठाण्यात बीट अंमलदार असतो तो यावरून, आणि जंगलातही वनरक्षकाला बीट असते. आणि वरिष्ठ येऊन सगळं नीट चाललंय का बघून जातो तो राउंड. दवाखान्यात डॉक्टर राउंडला येतात, तसाच. गार्ड पेट्रोलिंग करतो आणि सुपरवायझर राउंड घेतो. काम दोघांचं फिरण्याचंच, पण शब्द पगाराप्रमाणे बदलतो.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे शब्द नव्हता का? होता की. एक नाही, दोन होते.

पहिला 'पहारा'. हा 'प्रहर' या संस्कृत शब्दाशी जोडलेला आहे. दिवस-रात्रीचे मिळून आठ प्रहर, एक प्रहर साधारण तीन तासांचा. एका माणसाने एक प्रहर जागायचं, मग दुसऱ्याला उठवायचं. म्हणजे पहारा हा मुळात वेळेचा शब्द आहे. दुसरा 'गस्त'. हा फारसीतून आला. 'गश्तन' म्हणजे वळणं, फिरणं, भटकणं. आपण 'श्त'चा 'स्त' केला आणि शब्द घरचा झाला.

या शब्दांबरोबर येणारी क्रियापदं ऐका. पहारा आपण 'देतो'. गस्त 'घालतो'. आणि पेट्रोलिंग 'करतो'. गस्त केली असं कुणी म्हणत नाही, गस्त घातली असंच म्हणतात, जशी आपण प्रदक्षिणा घालतो, येरझाऱ्या घालतो. पहारा देणं म्हणजे कुणाला तरी काही देणं आहे, आपली झोप देणं. गस्त घालणं म्हणजे एखाद्या गोष्टीभोवती फिरणं, मधे जपण्यासारखं काहीतरी असणं. आणि पेट्रोलिंग करणं म्हणजे ड्युटी करणं. रजिस्टरमध्ये लिहायचं, 'पेट्रोलिंग केली, ऑल ओके', आणि खाली सही.

पण तिन्ही शब्दांत एक गोष्ट मिळत नाही. फ्रेंच शब्दात चिखल आहे, फारसीत फिरणं आहे, संस्कृतात वेळ आहे. अण्णांच्या व्याख्येचा दुसरा अर्धा भाग, 'कोण आहे ते बघायचं', हा एकाही शब्दात नाही. आणि खरी सत्ता तर त्यातच आहे. रात्री अंधारात एक माणूस दुसऱ्याला थांबवतो आणि विचारतो, कोण आहेस? विचारायचा अधिकार कुणाचा, आणि उत्तर पटलं नाही तर पुढे काय, हा गस्तीचा खरा इतिहास. तो शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपलं शहरच त्यासाठी बांधलेलं आहे.

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकीला निजामशाहीची राजधानी केली. त्याने उभारलेला भडकल दरवाजा आजही आहे, त्याच्याजवळून आपण रिक्षाने जातो. पुढे १६५३ च्या सुमारास औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि गावाला त्याचं नाव मिळालं. बादशहा झाल्यावर तो पुन्हा दख्खनेत उतरला तेव्हा, १६८२ च्या सुमारास, मराठ्यांच्या हल्ल्यांच्या धास्तीने शहराला तटबंदी घातली गेली. उत्तरेला दिल्ली दरवाजा, दक्षिणेला पैठण दरवाजा, पश्चिमेला मकाई दरवाजा, पूर्वेला जालन्याकडचा. छोटे-मोठे धरून आपण याला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतो.

दरवाजा म्हटलं की आपल्याला कमान आठवते, फोटो आठवतो. पण ज्या माणसाला संध्याकाळी उशीर झाला, त्याच्यासाठी दरवाजा म्हणजे बंद झालेली फळी. आत असाल तर तुम्ही शहराचे, बाहेर राहिलात तर रात्रीपुरते संशयित. आणि आतल्या रात्रीचा मालक होता कोतवाल. आपल्या शहरात कोतवालपुरा नावाची वस्ती आहे, ती या हुद्द्याची आठवण.

मुघल काळात कोतवालाने काय काय करायचं, हे अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय. घरांची आणि रस्त्यांची नोंद ठेवायची. रात्रीची गस्त घालायची. शहरात कोण आलं, कोण गेलं, हे माहीत असायला हवं. वजनमापं तपासायची, भाव बघायचे. आणि चोरी झाली तर चोर आणि माल शोधून काढायचा, नाहीतर नुकसानीची जबाबदारी कोतवालावर. हे शेवटचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला विचारायचा अधिकार, त्याच्यावर जबाबदारीही. कागदावर तरी तराजू सारखा होता.

तो तराजू मोडला की काय होतं, याचं मराठी इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्याच गावच्या माणसाचं आहे. घाशीराम सावळदास. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे घाशीराम कोतवाल हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तो पुण्याला गेला होता आपल्या औरंगाबादहून, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. नाना फडणविसांच्या मर्जीने तो पुण्याचा कोतवाल झाला. त्या वेळी पुण्यात रात्री तोफ व्हायची. तोफ झाली की रस्त्यावर फिरायचं नाही. परवाना नसेल आणि गस्तीत सापडलात, तर रात्र चावडीवर.

ऑगस्ट १७९१ मध्ये तेलंगणातले काही ब्राह्मण दक्षिणेसाठी पुण्यात आले होते. कोतवालाच्या माणसांनी त्यांना चोर ठरवून पकडलं आणि एका कोंदट जागेत कोंडून ठेवलं. दार उघडलं गेलं तेव्हा त्यातले वीसच्या आसपास लोक गुदमरून मेले होते. शहर खवळलं. नानांना घाशीरामला लोकांच्या हवाली करावं लागलं, आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

ही गोष्ट आपण नेहमी एका दुष्ट माणसाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती गस्तीची गोष्ट वाटते. परक्या मुलखातून आलेले लोक, भाषा वेगळी, ओळख सांगणारं कुणी नाही. त्यांना 'कोण आहात' हे विचारलंही गेलं असेल. पण त्यांचं उत्तर ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. आणि पुढे लोकांनी घाशीरामचं जे केलं, त्यातही कुणी थांबलं नाही.

आता शहराच्या तटाबाहेर या. गावात कोतवालाची तोफ नव्हती. तिथे होता येसकर आणि होता जागल्या. 'येस' म्हणजे वेस. वेशीशी थांबणारा तो येसकर. रात्री गावाची वेस सांभाळायची, गावात नवं माणूस आलं तर पाटलाला कळवायचं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या महार समाजाच्या वाट्याला होतं. काही भागांत राखणदारीचं काम रामोशी करायचे, आणि चोरी झाली तर भरपाईची जोखीमही त्यांच्यावर असायची. आणि 'जागल्या' हा शब्द बघा. इथे ना चिखल, ना फेरी. फक्त जागणं. सगळं गाव झोपतं, तो जागतो, म्हणून तो जागल्या.

ज्या माणसाला गावाने आपल्या वेशीची राखण सोपवली, त्याचं घर मात्र वेशीच्या बाहेर होतं. रात्री त्याने सगळ्यांना विचारायचं, कोण आहे? आणि दिवसा गावाने त्याला विचारायचं, इकडे कुठे आलास? अधिकार रात्रीपुरता, तोही दुसऱ्याच्या वतीने. पुढे ही हलकी समजली जाणारी वतनं कायद्याने गेली, त्यासाठी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ मध्येच विधेयक मांडलं होतं. अगदी अलीकडेपर्यंत महसूल खात्यात तलाठ्याच्या हाताखाली निरोप पोचवणाऱ्या माणसाला 'कोतवाल' म्हणायची पद्धत होती. मुघलांचा शहराचा धनी कुठे, आणि मोटारसायकलवर नोटिसा वाटणारा हा कोतवाल कुठे. शब्दांचीही बढती आणि बडतर्फी होते.

इंग्रज आले ते छावणीच्या वाटेने. हैदराबाद राज्यात निजामाचा अंमल होता, पण हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असायची, आणि तिचं एक ठाणं औरंगाबादच्या छावणीत होतं. अशा छावण्यांमधून एक मजेशीर शब्द तयार झाला. रात्री पहाऱ्यावरच्या शिपायाने अंधारात हालचाल दिसली की ओरडायचं असा नियम होता. वाक्य इंग्रजीत : 'हू कम्स देअर?', म्हणजे कोण येतंय तिकडे? देशी शिपायाच्या तोंडात ते झालं 'हुकूमदार!'

मंडळी, आपण शोधत होतो तो शब्द हा. यात शेवटी एकदाचा प्रश्न आहे. पण गंमत बघा. ओरडणाऱ्याला माहीत नाही की आपण प्रश्न विचारतोय, आणि ऐकणाऱ्यालाही माहीत नाही. दोघांच्या कानांना त्यात 'हुकूम' ऐकू येतो. तोंडातल्या तोंडात प्रश्नाचा हुकूम झाला. ज्याला उलट उत्तर कसं द्यायचं हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी तर ती फक्त बंदुकीच्या आधीची आरोळी.

याच छावणीत जून १८५७ मध्ये शिपायांनी आपला स्वतःचा प्रश्न विचारला. कंटिंजंटचं पहिलं घोडदळ मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, इथे आणलं गेलं होतं. आपल्याला दिल्लीला बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी कुणकुण त्यांना लागली. कुठे नेताय आणि कुणाविरुद्ध, हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी जायचं नाकारलं. बंड मोडलं गेलं, अनेकांना मृत्युदंड झाला. क्रांती चौकाजवळच्या काळ्या चबुतऱ्याशी ती आठवण जोडलेली आहे.

तिथून थेट अण्णांच्या कारखान्यात येतो. मधली शंभर-सव्वाशे वर्षं मी उडवली असं वाटेल, पण कामात फार बदल नव्हता. बदल एकच. आता राखणदार झोपला तर नाही ना, हे बघणारं यंत्र आलं होतं. ही कल्पनाही जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या डर्बी गावात जॉन व्हाइटहर्स्ट नावाच्या घड्याळजीने पहारेकऱ्याची हजेरी नोंदवणारी घड्याळं बनवली होती. पुढे त्याचं गळ्यात अडकवायचं घड्याळ झालं. कारखान्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर साखळीला एकेक चावी बांधलेली. प्रत्येक ठिकाणी जाऊन ती चावी घड्याळात फिरवायची, की आत कागदावर खूण उमटते. सकाळी साहेब कागद बघणार : दोन वाजता बॉयलरपाशी, सव्वादोनला मागच्या गेटवर. आता त्या श्रोत्याच्या सोसायटीत भिंतीवरचा कोड मोबाइलने स्कॅन करतात. तत्त्व तेच. माणूस कुठे गेला हे कळतं. त्याने काय पाहिलं आणि कुणाशी कसा वागला, हे यंत्राला कळत नाही.

आता नुसत्या फिरण्याने चोऱ्या थांबतात का? अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये पोलिसांनी हे तपासून पाहिलं. पंधरा बीट घेतल्या. पाचांमध्ये नेहमीसारखी गाडीची गस्त, पाचांमध्ये दुप्पट-तिप्पट, आणि पाचांमध्ये बोलावल्याशिवाय जायचंच नाही. वर्षभराने पाहिलं तर गुन्ह्यांत फारसा फरक नव्हता, आणि लोकांच्या भीतीतही नव्हता. मग काही वर्षांनी न्यूअर्क शहरात पायी गस्त घालून पाहिली. गुन्हे तिथेही विशेष घटले नाहीत, पण लोकांना सुरक्षित वाटायला लागलं. कारण उघड आहे. गाडीतला पोलिस दिव्याचा झोत टाकून निघून जातो. पायी चालणारा थांबतो, टपरीवाल्याशी बोलतो, कोण कुठे राहतं ते त्याला कळतं. पुढच्या वेळी अंधारात कुणी दिसलं तर त्याला 'कोण आहे' विचारावंच लागत नाही, तो नावाने हाक मारतो. त्या फ्रेंच शब्दातला चिखल तुडवण्यात शहाणपण होतं म्हणायचं.

आणि ओळख नसेल तर? २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि आपल्या जिल्ह्यातल्या गावांवर रात्री ड्रोन फिरताना दिसायला लागले. चोर टेहळणी करतात अशी बातमी पसरली. तरुण पोरं काठ्या घेऊन रात्रीची गस्त घालायला लागली. मी तेव्हा पैठणकडच्या एका गावात पाहुण्यांकडे गेलो होतो. रात्री दहाला गावात शिरताना सात-आठ जणांनी गाडी अडवली. बॅटरी थेट डोळ्यांवर. "कोण? कुणाकडं चाललात?" मी मामांचं नाव सांगितलं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या रे, भाचा आहे त्यांचा." अर्धा मिनिट लागला असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात राईनपाडा येऊन गेलं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले. रात्रही नव्हती, भर दिवसा, बाजाराच्या दिवशी. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि पाचही जणांना ठार मारलं. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या माणसांना 'कोण आहात' या प्रश्नाचं उत्तर द्यायला मामाचं नाव कुठून असणार?

हे सगळं टिपण काढून झालं तेव्हा मी अण्णांकडे गेलो. आता ते घरीच असतात, अंगणात खुर्ची टाकून बसतात. म्हटलं, अण्णा, तुमच्या पेट्रोलिंगवर भाग करतोय. इतक्या वर्षांत कधी कुणी चोर सापडला का?

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चोर नाही सापडला. एक पोरगा सापडला होता."

नोकरीला लागून वर्ष झालं असेल. पावसाळ्याची रात्र. मागच्या कंपाउंडला भगदाड होतं, त्यातून एक जण आत आलेला दिसला. अण्णांनी आवाज दिला, कोण आहे? तो चालतच राहिला. दुसऱ्यांदा ओरडले. तरी थांबला नाही. अण्णांनी मागून जाऊन काठी घातली, ती मनगटावर बसली. हाड मोडलं. बॅटरीत पाहिलं तर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, शेजारच्या वस्तीतला, पाऊस चुकवायला शेडखाली येत होता. त्याला ऐकूच येत नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? साहेबानं शाबासकी दिली. म्हणे ड्युटी चोख केली. रजिस्टरला मीच लिहिलं, घुसखोर पकडला, ऑल ओके."

पुढचे दोन महिने अण्णा दर पगाराला त्या मुलाच्या घरी काही पैसे देऊन येत होते. आईला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. मुलाच्या आईने पहिल्यांदा पैसे फेकून दिले होते, हेही त्यांनी सांगितलं. नंतर घेतले. मनगट वाकडंच राहिलं.

मी विचारलं, "मग त्यानंतर कुणी दिसलं की काय करायचात?"

"बॅटरी आधी माझ्या तोंडावर धरायचो," अण्णा म्हणाले. "त्याला दिसू द्यायचं ना, विचारणारा कोण आहे ते. मग त्याच्याकडं. अन् मग थांबायचं."

"अन् तेवढ्यात त्यानंच मारलं असतं तर?"

"मारलं असतं," अण्णा म्हणाले, आणि चहा कुठवर आला ते बघायला आत गेले.

तर दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढं लांबलं. पेट्रोलचा संबंध नाही, चिखलाचा आहे. शब्द आपल्याकडे होते, अजून आहेत. फॉर्मवर वरच्या रकान्यात काय छापलंय ते तुझ्या हातात नाही. 'ऑल ओके' मात्र तू लिहितोस, तेव्हा ते खरं असू दे. आणि रात्री फिरताना पायात बूट चांगले घाल.

तुमच्या गावात गस्तीला, राखणदाराला काय म्हणतात? जागल्या म्हणतात की आणखी काही? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, रात्री गेटवर जो कुणी बसलेला असेल, त्याला एकदा नाव विचारून ठेवा.